दारूगोळ्याचं वय उन्हात मोजा

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातल्या प्रत्येक कोठाराच्या आत किती तापलं याची उन्हाळाभर तासातासाची नोंद व्हावी, आणि कोणता माल आधी तपासायचा, कोणता आधी बाहेर काढायचा हे त्या नोंदीवरून ठरावं. केवळ पेटीवर छापलेल्या उत्पादनाच्या वर्षावरून ते ठरू नये. मी वर्धा जिल्ह्यातली. इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लष्कराने काय करावं हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. उष्णतेने पदार्थाचं काय होतं, एवढं मात्र सांगू शकते.

विदर्भातल्या माणसाला नवतपा समजावून सांगावा लागत नाही. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि पुढचे नऊ दिवस टाकीतलं पाणी हात भाजतं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. नागपूरला 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि आमचा वर्ध्याचा उन्हाळा नागपूरच्या फारसा मागे राहत नाही. पुलगावची आग लागली ती याच दिवसांत, 31 मे 2016 च्या पहाटेआधी, रात्री एकच्या पुढे. एका शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग रचून ठेवलेले होते. आग विझवायला माणसं धावली आणि ती तिथे असतानाच शेड उडाली. 19 जण गेले. त्यांत दोन अधिकारी होते, आणि बाकीच्यांत बहुतेक अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. आगरगाव आणि आजूबाजूच्या गावांतले लोक लेकराबाळांना घेऊन अंधारात वाट सापडेल तिकडे निघाले. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर स्वतः इथे येऊन गेले.

पुढे चौकशीचा रोख वळला तो सुरुंगांतून पाझरलेल्या टीएनटी या स्फोटकाकडे. माझं सगळं म्हणणं या पाझरण्यापासून सुरू होतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

शुद्ध टीएनटी हा तसा शांत पदार्थ आहे. तो सुमारे 80 अंश सेल्सियसला वितळतो, म्हणूनच कारखान्यात वाफेच्या उष्णतेवर वितळवून तो गोळ्यांत आणि सुरुंगांत ओतता येतो. आमचा कितीही कडक उन्हाळा कोठाराच्या आत 80 अंश गाठणार नाही. मग पाझरतं काय? तयार करताना पूर्ण शुद्ध न झालेल्या टीएनटीत त्याचीच भावंडं असलेले दुसरे नायट्रो पदार्थ थोड्या प्रमाणात उरतात. त्यांचं आणि टीएनटीचं मिश्रण 80 अंशांच्या खूप खाली पातळ होतं. दिवसा कोठार तापतं, हे तेलकट मिश्रण पातळ होऊन फुगतं आणि फटींकडे सरकतं. रात्री थोडं आवळतं. दुसऱ्या दिवशी आणखी पुढे सरकतं. असे अनेक उन्हाळे गेले की ते फ्यूजच्या खोबणीत, झाकणाच्या आट्यांत, शेवटी बाहेर लाकडी पेटीत मुरतं. आट्यांत अडकलेल्या या थराला घासणं, पिळणं सोसत नाही. आणि पेटीच्या लाकडात मुरलं की ते लाकूड म्हणजे तेल पाजलेली वातच. ज्या स्फोटकाची ख्याती दणकट आणि विश्वासू अशी आहे, ते अशुद्धता आणि उष्णता एकत्र आल्या की नाजूक होतं. शुद्धता कारखान्याच्या हातात आहे आणि तिचा जाब तिथे विचारला जावा. उष्णता मात्र कोठाराच्या हातात आहे.

दुसरी गोष्ट तोफगोळ्यांच्या आणि काडतुसांच्या मागे भरलेल्या धूरविरहित दारूची. तिचा मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनतो. आमच्या पांढऱ्या सोन्याचं हेही एक रूप आहे. हा पदार्थ जन्मापासून हळूहळू मोडत असतो, अगदी थंड खोलीतसुद्धा. मोडताना त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात आणि तीच ऑक्साइडं उरलेल्या दारूचं मोडणं आणखी वाढवतात. म्हणून त्यात डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक घालतात. तो ही ऑक्साइडं शोषून घेत राहतो. जोवर स्थिरक शिल्लक आहे तोवर दारू सुरक्षित. तो संपला की मोडण्याला आवर राहत नाही, आणि मोठ्या साठ्यात आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर दारू आपोआप पेटते. ओला कडबा रचलेली गंजी आतून कशी तापत जाते हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

स्थिरक किती वेगाने संपतो हे मुख्यतः तापमानावर ठरतं. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांमागे वेग दुपटीहून बराच जास्त, तिपटीच्या आसपास होतो. म्हणजे 20 अंशांवर ठेवलेल्या दारूचं जे नऊ वर्षांत होईल, ते 40 अंशांवर ठेवलेल्या दारूचं एका वर्षात होऊ शकतं. हा माझ्या कल्पनेचा खेळ नाही. नाटो देशांच्या एका मान्य चाचणीत दारूचा नमुना 80 अंशांवर साधारण साडेदहा दिवस ठेवतात आणि त्यात तो टिकला तर 25 अंशांवर 10 वर्षं टिकेल असं धरतात. दहा वर्षं साडेदहा दिवसांत मावतात, ती केवळ उष्णतेच्या जोरावर. साहेब, मग एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन पेट्या, एक हिमालयाच्या पायथ्याशी राहिलेली आणि एक पुलगावात पत्र्याच्या छताखाली राहिलेली, कागदावर समवयस्क कशा मानायच्या?

हे ज्ञान फार महागात मिळालेलं आहे. पॉल विएय यांनी 1884 साली फ्रान्ससाठी पहिली यशस्वी धूरविरहित दारू बनवली, तिला पूद्र बी म्हणत. 12 मार्च 1907 रोजी तुलाँ बंदराच्या गोदीत उभी असलेली एना ही युद्धनौका स्फोटात गेली, शंभराहून जास्त माणसं मेली. साडेचार वर्षांनी, 25 सप्टेंबर 1911 रोजी, त्याच तुलाँत लिबेर्ते ही दुसरी युद्धनौका गेली आणि तिच्याबरोबर अडीचशेहून अधिक. दोन्ही वेळा शत्रू कुठेच नव्हता. संशयाची सुई जुन्या पडलेल्या पूद्र बीकडे गेली, आणि त्यानंतर स्थिरकाचा आणि जुन्या दारूच्या तपासणीचा विषय नौदलांनी गांभीर्याने घेतला. भूमध्य समुद्राच्या काठावरच्या हवेत जे झालं, त्याचा धडा विदर्भाच्या उन्हाळ्याला किती पटीने लागू पडतो हे वेगळं सांगायला नको.

तुलना करायची तर लष्कराच्याच नव्हे, घरगुती साठ्याशीही करून पाहावी. अमेरिकेत नेमबाजी करणारे हजारो लोक वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे शस्त्र कायद्यामुळे ही प्रथा नाही, आणि ती यावी असं मी म्हणत नाही. पण तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेचा नियम वाचण्यासारखा आहे: घरात 20 पौंडांपर्यंत दारू ठेवायची ती मूळ डब्यातच, त्याहून जास्त, 50 पौंडांपर्यंत, ठेवायची तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. लोखंडी तिजोरीत नव्हे, कारण मोकळी दारू नुसती भडकून जळते, पण घट्ट कोंडली तर स्फोट करते. उत्पादकांच्या सूचना त्याहून सोप्या आहेत. थंड आणि कोरडी जागा. गाडीत नाही, पोटमाळ्यावर नाही, उन्हाच्या खिडकीत नाही. डबा उघडल्यावर आंबट, बोचरा वास आला किंवा तांबूस तपकिरी भुकटी, वाफ दिसली तर दारू बिघडली. ती ताबडतोब आणि ठरलेल्या पद्धतीने नष्ट करायची. दोन-चार डबे बाळगणाऱ्या हौशी माणसाला एवढं सांगितलं जातं की त्याने जागा थंड ठेवावी आणि नाकाने, डोळ्यांनी लक्ष ठेवावं. हजारो टनांच्या कोठारात नाक-डोळे पुरत नाहीत, म्हणून तिथे यंत्रं हवीत.

सायप्रसमधल्या स्फोटाबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण तिथे काय होऊ शकतं ते सगळ्यांना आधी दिसत होतं. 2009 च्या सुरुवातीला एका जहाजावरून इराणी दारूगोळ्याचे 98 कंटेनर जप्त झाले. ते मारी गावाजवळच्या नौदल तळावर उघड्यावर, उन्हात रचून ठेवले गेले. काय करायचं यावर बैठका झाल्या, पत्रं फिरली, राजनैतिक अडचणी होत्या. दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलै 2011 च्या पहिल्या आठवड्यात, एक कंटेनर फुगला. त्यानंतरही हलवाहलव झाली नाही. 11 जुलैच्या पहाटे सगळा साठा उडाला. नौदलाचे प्रमुख आणि अग्निशमन दलाचे जवान धरून 13 जण मेले. शेजारचं वासिलिको वीजकेंद्र, जे देशाची निम्म्याच्या आसपास वीज बनवत होतं, ते उद्ध्वस्त झालं. तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांना 2013 साली न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षांची शिक्षा दिली. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, माझ्या मनात आपल्या पदाबद्दल आदर आहे. पण उन्हात पडलेल्या पेटीचा निर्णय कुणाच्या टेबलावर थांबतो, याची तिथल्या न्यायालयाने लावलेली संगती आपल्यालाही लागू आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे उन्हाळा आणि दारूगोळा यांचं नातं पुलगावपासून सुरू झालं नाही. 28 एप्रिल 2000 रोजी राजस्थानात भरतपूरच्या भांडाराला लागलेल्या आगीत सुमारे 400 कोटी रुपयांचा दारूगोळा गेला; ती आग वाळलेल्या गवतातून पसरली. पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पठाणकोट आणि सुरतगडजवळच्या बिरधवाल इथली भांडारं पेटली. म्हणजे ज्या महिन्यांत गवत वाळतं आणि कोठार तापतं, त्याच महिन्यांत या आगी लागल्या. पुलगावच्या आगीच्या एक वर्ष आधी, 2015 साली, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावरचा अहवाल संसदेपुढे आला होता. भांडारांत अग्निशमनाची साधनं कमी आहेत आणि वापराबाहेर गेलेला माल साचून आहे, हे दोन्ही मुद्दे त्यात होते.

आता मागणी नीट मांडते.

कोठाराच्या भिंतीवर तापमापक टांगलेला असणं पुरेसं नाही. माल रचलेला असतो तिथे, छतालगतच्या थरात आणि जमिनीलगतच्या थरात, तापमान आणि आर्द्रता टिपणारी, ठिणगी न उडवणारी, स्फोटकांच्या जागेसाठी प्रमाणित यंत्रं हवीत. त्यांच्या नोंदींतून प्रत्येक खेपेला एक ताप-वय मिळेल: ही पेटी 25 अंशांवर किती वर्षं राहिल्यासारखी आहे? हा हिशेब बारावीच्या विद्यार्थ्याला करता येतो. ज्या खेपेचं ताप-वय जास्त, तिचा नमुना स्थिरकाच्या तपासणीसाठी आधी जाईल. तपासणी करणारी माणसं दूर नाहीत. खडकीला दारूगोळ्याची गुणवत्ता तपासणारी लष्करी कार्यालयं आहेत, पुण्यातच संरक्षण संशोधन संस्थेची उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. या विषयात जगात कुणापुढे मान खाली घालावी लागू नये एवढं ज्ञान पुण्यात आहे; ते पुलगावच्या शेडपर्यंत दर आठवड्याला पोहोचलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी 2011 पासून दारूगोळा साठवणीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यांतही साठ्याच्या तापमानावर नजर ठेवणं आहेच.

यात कुठलंही गुपित फुटत नाही. कोणत्या शेडमध्ये काय आहे हे आम्हाला नको. पण कोठारांतलं कमाल तापमान किती होतं, ठरलेल्या मर्यादेच्या वर किती तास गेले, आणि त्यावरून किती खेपा वेळेआधी बाजूला काढल्या, एवढी तीन आकड्यांची माहिती दर वर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवता येईल.

इमारतींबद्दल थोडक्यात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या लेक डेन्मार्क भांडारावर 10 जुलै 1926 रोजी वीज पडून साखळी स्फोट झाले, त्यानंतर तिथे मातीने झाकलेली कमानदार कोठारं बांधायला सुरुवात झाली. वर किमान दोन फूट मातीचा थर. शेजारचं कोठार उडालं तर आपलं वाचावं हा त्याचा मुख्य हेतू, पण आमच्यासाठी दुसरा फायदा तितकाच मोलाचा आहे: दोन फूट मातीखाली दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार जवळजवळ पोहोचतच नाही. टीएनटीचं पाझरणं वाढतं ते या चढउतारामुळेही. जिथे जुनी शेड अजून वापरात असेल तिथे नवं कोठार होईपर्यंत छताला पांढरा परावर्तक रंग, छताखाली उष्णतारोधक थर, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असेल तेव्हाच वायुवीजन, एवढं तरी याच वर्षी व्हावं. हे खर्चाचं काम नाही.

बाद झालेल्या मालाचं मात्र मला सगळ्यात जास्त भय वाटतं. दोष सापडला, पेटीवर शेरा मारला, आणि पेटी तिथेच राहिली, तर शेरा मारून काय साधलं? ज्या मालात पाझर किंवा स्थिरकाची घट आढळली तो चांगल्या मालाच्या शेडमध्ये एक दिवसही राहू नये, आणि होळीच्या आधी तो नष्ट करण्याच्या जागेकडे गेलेला असावा. त्या जागेवरही नियम हवेत. 20 नोव्हेंबर 2018 रोजी याच भांडाराच्या मैदानावर, जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला आणि 6 जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. हाताला मिळेल ते काम करायला ती माणसं गेली होती. जुन्या, तापलेल्या, कदाचित पाझरलेल्या पेट्या उचलण्याचं काम प्रशिक्षित माणसाचं आहे. ते मजुरीच्या दराने ठेकेदाराकडे सोपवू नये.

शेवटचं, आग विझवणाऱ्यांबद्दल. 2016 ला ती माणसं पळाली असती तर वाचली असती. ती पळाली नाहीत. त्यांच्या धैर्याला मी मनापासून वंदन करते, पण त्या धैर्यावर यंत्रणा उभी करायला माझा विरोध आहे. सुरुंगांच्या शेडला आग लागल्यावर माणसाने पाइप धरून जवळ जावं लागूच नये. उष्णता ओळखून आपोआप सुटणारं पाणी, दुरून चालवता येणारे पाण्याचे फवारे, आणि कोणत्या प्रकारच्या मालाच्या आगीत किती मिनिटांनी माघार घ्यायची याचा लेखी नियम, जो मोडला तर शाबासकी मिळणार नाही, असं सगळं आपल्या एका आदेशाने होऊ शकतं.

आणि आगरगाव, नाचणगाव, सोनेगाव अशा भांडाराभोवतीच्या गावांना एक साधी गोष्ट द्यावी: भोंगा कसा वाजला म्हणजे घर सोडायचं, कोणत्या रस्त्याने निघायचं, म्हाताऱ्या माणसांना न्यायला वाहन कुठे उभं राहील. वर्षातून एकदा याचा सराव गावकऱ्यांना बरोबर घेऊन व्हावा. पहिल्या सरावाची तारीख जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ग्रामपंचायतींना मार्च संपण्याआधी कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
पुलगाव, जि. वर्धा